तळणीचं तेल एकच असेल तर: ग्लूटेन आणि ॲलर्जी सांभाळून स्पोर्ट्स बारमध्ये जेवताना

मॅच बघायला स्पोर्ट्स बारमध्ये जायचं ठरलं की सीलिॲक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा अन्नाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. बाकीचे कोण जिंकणार यावर वाद घालत असतात आणि हा मनातल्या मनात मेन्यू चाळत असतो. शेवटी बहुतेक वेळा "तुम्ही जा, मला काम आहे" म्हणून घरी बसायचं, नाहीतर पाण्याचा ग्लास धरून इतरांचं खाणं बघायचं. दर वेळी असं करायची गरज नाही, असं मला ठामपणे वाटतं. धोका नेमका कुठून येतो हे समजलं की काही ठिकाणी पोटभर जेवता येतं, आणि जिथे न जेवलेलं बरं ती जागा दोन-चार प्रश्नांत ओळखू येते.

स्पोर्ट्स बारचा मेन्यू लांबलचक असतो, पण स्वयंपाकघर त्या मानाने आटोपशीर. दोन-तीन डीप फ्रायर, एक मोठा सपाट तवा, एक ग्रिल, एक ओव्हन आणि सॉस घोळवायची स्टीलची भांडी. मेन्यूवरचे बहुतेक सगळे पदार्थ एवढ्याच साधनांतून निघतात, तेही मॅचच्या दिवशी सगळ्या टेबलांची ऑर्डर एकदम येऊन पडल्यावर. त्यामुळे "यात काय काय घातलंय?" एवढं विचारून भागत नाही. तो पदार्थ कोणत्या तेलातून, कोणत्या तव्यावरून आणि कोणत्या चिमट्याने ताटात आला, हे विचारावं लागतं. या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आधी आजार कोणता ते नीट कळू द्या

"मला ग्लूटेन चालत नाही" या वाक्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि कशाला किती जपायचं हे त्यावर ठरतं.

पहिली गोष्ट सीलिॲक आजार. ही ॲलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांमधलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं पोषण शोषून घ्यायचं काम त्यांचं असतं. सीलिॲकमध्ये ते झिजून सपाट होत जातात. मग कुणाला जुलाब, कुणाला सतत थकवा, कुणाचं रक्त कमी, कुणाची हाडं ठिसूळ, तर कुणाला वरवर काहीच नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नाही. याचं मूळ गव्हात आहे हे दाखवून दिलं नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला आणि या आजाराची मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी तो आपल्या प्रबंधात सविस्तर मांडला. उपाय तेव्हा जो होता तोच आजही आहे: ग्लूटेन पूर्ण बंद, जन्मभर.

दुसरी गोष्ट गव्हाची ॲलर्जी. इथे शरीर गव्हातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून बसलेलं असतं. गहू पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. या टोकाच्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शेंगदाणा, दूध, अंडं, कोळंबी यांच्या ॲलर्जीही याच जातीच्या.

तिसरी गोष्ट ग्लूटेन सहन न होणं. तपासण्या स्वच्छ येतात, आतडंही ठीक असतं, पण गहू खाल्ला की पोट फुगतं, डोकं जड होतं. हा त्रास खराच असतो, फक्त यात कायमची इजा झालेली दिसत नाही. कितपत चालवून घ्यायचं हे अशी माणसं स्वतःच्या अनुभवावर ठरवू शकतात.

पहिल्या दोघांना ती मोकळीक नाही. ॲलर्जीवाल्याला चूक लगेच कळते. सीलिॲकवाल्याला कदाचित दुसऱ्या दिवशी कळेल, कदाचित कळणारच नाही, आणि आतडं मात्र झिजत राहील. म्हणून "मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही" हा सीलिॲकमध्ये पुरावा धरता येत नाही.

एक कण म्हणजे किती?

पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचं तर अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं, ही मर्यादा आज बहुतेक देशांत मानली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती २०१३ मध्ये नियम करून घातली. आता ताटाच्या हिशोबाने बघू. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमहून जास्त ग्लूटेन असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्याने आतड्याला इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका स्लाइसचे चाळीस तुकडे केले तर त्यातला जेमतेम एक. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना बाधत नाही असं साधारण मानलं जातं, म्हणजे त्याच स्लाइसचा दोनशेवा भाग.

आता बर्गरवरचा पाव उचलून बाजूला ठेवला आणि "घ्या, आता ग्लूटेन नाही" म्हणून तेच ताट पुढे केलं, तर मागे राहिलेल्या चुऱ्याचा हिशोब तुम्हीच करा. सॅलडमधून पावाचे तळलेले तुकडे वेचून काढले तरी तीच गत. ताट नव्याने करून मागायला अजिबात संकोच करू नये.

ॲलर्जीत तर सगळ्यांना लागू पडेल अशी रेषाच नाही. कुणाला चमचाभर दूध पचतं, तर कुणाला चमच्याला लागलेलंही पुरतं. एकाच माणसाची सहनशक्तीही रोज सारखी नसते. व्यायाम, दारू, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं यांनी ॲलर्जीची प्रतिक्रिया भडकू शकते. गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार तर असा आहे की नुसता गहू खाल्ला तर काही होत नाही, पण खाऊन धावलं-खेळलं की ॲनाफिलॅक्सिस होतो. स्वतः सामना खेळून, अंग दुखतंय म्हणून गोळी घेऊन, तसंच बारमध्ये येऊन बसणाऱ्याने हे डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावं.

फ्रायर

आता खऱ्या अडचणीच्या जागी येऊ. फ्रायरमधलं तेल साधारण १७५ ते १९० अंश सेल्सियसला असतं. एवढ्या आचेला सगळं जळून जात असेल असा समज फार पसरलेला आहे. आचेने जंतू मरतात. ग्लूटेन हे प्रथिन आहे, ते मरत नाही, आणि तळल्याने निरुपद्रवीही होत नाही. शेंगदाणा, कोळंबी यांच्या ॲलर्जीला कारण होणारी प्रथिनंही आचेला चांगलीच टिकतात.

फ्रायरमध्ये दिवसभर काय काय जातं ते बघा. बिअर घातलेल्या पिठात बुडवलेल्या कांद्याच्या चकत्या, पावाच्या चुऱ्यात घोळवलेल्या मोझरेला स्टिक्स, मैद्यात लोळवलेलं चिकन, कोळंबी, मासे. प्रत्येक घाण्यामागे पिठाचा चुरा तेलात सुटतो, थोडा तळाशी बसतो, थोडा तरंगत राहतो. रंगाचा ब्रश एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवत राहिलं की पाण्याला प्रत्येक रंगाचा अंश लागतो, तसं या तेलाचं होतं. आणि मग त्याच तेलात तुमच्या फ्राइज पडतात. बटाटा, तेल आणि मीठ, कागदावर अगदी निर्धोक पदार्थ.

हा तर्क मोजूनही पाहिला गेला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १० रेस्टॉरंटमधून फ्राइजच्या २० ऑर्डरी घेतल्या. फ्राइजमध्ये घटक म्हणून ग्लूटेन नव्हतं, पण त्या तळल्या होत्या गव्हाच्या पदार्थांच्याच फ्रायरमध्ये. २० पैकी ९ ऑर्डरींमध्ये ग्लूटेन सापडलं आणि चौथा हिस्सा ऑर्डरी ग्लूटेन-फ्रीच्या मर्यादेत बसल्या नाहीत. अभ्यास लहान आहे, त्यावरून प्रत्येक बारचं भाकीत करता येत नाही. पण अर्ध्याअधिक ऑर्डरींत काही सापडलं नाही यावर भिस्त ठेवून सीलिॲकच्या माणसाने सामायिक फ्रायरमधलं खावं, हे मला पटत नाही. तुमच्या ताटात त्यातली कोणती ऑर्डर येणार हे बघून कळत नाही.

म्हणून बारमध्ये पहिला प्रश्न हाच: "फ्राइजसाठी वेगळा फ्रायर आहे का, आणि त्यात दुसरं काय तळता?" वेगळा फ्रायर असेल तर जाळीची टोपली आणि तळण उपसायचा झारा वेगळा आहे का, हेही विचारा. गर्दीत एका फ्रायरची टोपली दुसऱ्यात सहज जाते. रात्री तेल गाळायचं यंत्र दोन्ही फ्रायरना एकच असू शकतं, ही बाब तर स्वयंपाकघरातल्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. काही फ्राइज कारखान्यातूनच कुरकुरीत राहाव्यात म्हणून पिठाचा पातळ थर देऊन गोठवलेल्या येतात. त्या वेगळ्या फ्रायरमध्ये तळल्या तरी उपयोग नाही, त्यामुळे पाकीट बघायला सांगावं.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यांनी तेल कोणतं हेही विचारावं. पूर्ण रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्यावर काढलेल्या तेलात उरतं. स्वयंपाकघराला यातला फरक सांगता येत नसेल तर तिथलं तळलेलं सोडून द्या.

विंग्जची एक प्लेट

स्पोर्ट्स बारची ओळख म्हणजे चिकन विंग्ज. एका प्लेटचा प्रवास पाहिला की बाकीच्या मेन्यूकडे कसं बघायचं ते आपोआप समजतं.

अमेरिकेतल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये १९६४ साली या विंग्ज पहिल्यांदा झाल्या असं सांगतात. त्या मूळ पद्धतीत पीठ नाहीच. चिकनचे पंख नुसते तळायचे आणि तिखट सॉस व बटर यांत घोळवायचे. म्हणजे ग्लूटेन नाही, बटर घातलं तर दूध आहे. पण आज प्रत्येक बार हीच पद्धत पाळतो असं नाही. कुठे पंखांवर मैदा भुरभुरतात, कुठे ते कारखान्यातून कोटिंगसकट गोठून येतात. आणि "बोनलेस विंग्ज" नावाने जे मिळतं ते पंख नसतातच, ते पावाच्या चुऱ्यात किंवा पिठात घोळवलेले चिकनच्या छातीचे तुकडे असतात. तेही त्याच फ्रायरमध्ये.

तळून झाल्यावर विंग्ज एका स्टीलच्या खोलगट भांड्यात पडतात, वर पळीभर सॉस, भांडं दोन-तीनदा उडवायचं आणि प्लेटमध्ये ओतायचं. तुमच्या आधी त्या भांड्यात कोणता सॉस होता? तेरियाकी असेल तर त्यात सोया सॉस, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू असतो. गार्लिक-परमेझान असेल तर चीज. एखाद्या आशियाई चवीच्या सॉसमध्ये शेंगदाण्याचं बटर किंवा तिळाचं तेल. हनी-मस्टर्डमध्ये मोहरी. भांडं नुसतं पुसून पुढची ऑर्डर त्यातच फिरवली, तर तुम्ही सांगितलेला साधा सॉस साधा राहत नाही. बाजूला येणाऱ्या रँच किंवा ब्लू चीज डिपमध्ये दूध, आणि मेयोनीझ असेल तर अंडं. सोबतीच्या सेलरीचीही कुणाकुणाला ॲलर्जी असते. युरोपात ती नोंद करायच्या १४ घटकांच्या यादीत आहे.

मग विंग्ज खायच्याच नाहीत का? खाता येतात. काही स्वयंपाकघरं कोटिंग नसलेले पंख ओव्हनमध्ये फॉइल घातलेल्या स्वच्छ ट्रेवर भाजून देतात, सॉस वेगळ्या वाटीत. वेळ जास्त लागतो, म्हणून हे आधी फोन करून ठरवलेलं बरं.

तवा, नाचोज आणि टेबलावरची सामायिक प्लेट

सपाट तव्यावर बर्गरची टिक्की भाजली जाते आणि तिच्याच शेजारी पाव बटर लावून शेकतात. उलथणं दोन्हीला एक. टिक्कीत बांधणीसाठी पावाचा चुरा किंवा अंडं घातलेलं असू शकतं. पाव नको सांगितलं की काम झालं असं बरेच जण समजतात, पण आपल्याला हवं असतं ते स्वच्छ धुतलेलं वेगळं पॅन, नाहीतर तव्यावर किंवा ग्रिलवर फॉइल. ज्वाळेने ग्रिल "जळून साफ" होतं हा तेलासारखाच गैरसमज.

वनस्पतीजन्य बर्गरकडे ॲलर्जीवाले मोठ्या विश्वासाने बघतात. दूध-अंडं टाळणाऱ्याला त्याचा उपयोग होऊ शकतो, पण काही टिक्क्या थेट गव्हाच्या ग्लूटेनपासून बनतात आणि अनेकांत सोया असतं. "व्हीगन" या शब्दाने ग्लूटेनबद्दल काहीच कळत नाही. तसंच लॅक्टोज-फ्री दूध हे ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांच्यासाठी. दुधाची ॲलर्जी प्रथिनांची असते आणि ती प्रथिनं त्यात जशीच्या तशी असतात.

नाचोज मक्याचे, म्हणून ठीक वाटतात. पण चिप्स तिथेच तळल्या असतील तर पुन्हा तोच फ्रायर, वरचा चीज सॉस दाट करायला मैदा, मांसाच्या चिलीमध्ये कधी मैदा तर कधी बिअर. शिवाय नाचोजची प्लेट टेबलाच्या मधोमध येते आणि कांद्याच्या चकत्या खाल्लेले सहा हात तीत पडतात. स्वयंपाकघराने घेतलेली सगळी काळजी इथे दोन मिनिटांत वाया जाते. मित्रांना स्पष्ट सांगा: माझी प्लेट वेगळी, तिच्यात कुणी हात घालायचा नाही, डिपची वाटीही माझी स्वतंत्र.

टेबल आणि हात यांचंही तेच. आधीच्या मंडळींचा खाऱ्या शेंगदाण्यांचा चखणा टेबलावर सांडलेला असतो, आणि वेटरने एकच ओलं फडकं सगळीकडे फिरवलेलं असतं. हातावरच्या शेंगदाण्याच्या अंशावर तपासणी झालेली आहे. साबणाने किंवा ओल्या वाइप्सने तो निघतो, सॅनिटायझरच्या जेलने निघत नाही, कारण जेल जंतूंसाठी आहे. स्वतःजवळ वाइप्सचं पाकीट असू द्या आणि बसल्या बसल्या टेबल पुसून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

ऑर्डर सोपी ठेवली तर स्वयंपाकघरालाही ती पाळता येते. मीठ-मिरी लावून स्वच्छ पॅनमध्ये भाजलेलं चिकन किंवा मांस, ओव्हनमध्ये भाजलेला सालासकट बटाटा, नुसतं तेल-लिंबू घातलेलं सॅलड. दुधाची ॲलर्जी असेल तर भाजलेल्या मांसावर शेवटी बटर फासतात का, हे नक्की विचारा. शेफला ती सवयच लागलेली असते, त्यामुळे "यात दूध नाही" असं तो मनापासून सांगतो आणि हात बटरकडे जातो.

ग्लासात काय

नेहमीची बिअर बार्लीची, बऱ्याचदा गव्हाचीसुद्धा. सीलिॲकवाल्याला ती बंद. ज्वारी, तांदूळ, बकव्हीट अशा धान्यांपासून केलेली ग्लूटेन-फ्री बिअर मिळते आणि ती चालते. मात्र "ग्लूटेन काढलेली" बिअर निराळी. ती बार्लीचीच असते, एका एन्झाइमने त्यातल्या ग्लूटेनचे तुकडे केलेले असतात. त्या तुकड्यांतून आतड्याला त्रास देणारे किती उरले हे आजच्या चाचण्यांना खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच आंबवलेल्या पदार्थांबाबत अमेरिकेने २०२० मध्ये नियम केला, त्यानुसार आंबवण्याआधीच कच्चा माल ग्लूटेन-फ्री असला पाहिजे. सीलिॲक असेल तर ही बिअर टाळा.

वाइन आणि सफरचंदाची सायडर साधारण ठीक. सायडर नळाची असेल तर ती नळी आधी बिअरला वापरली होती का ते विचारा, किंवा सरळ बाटली मागवा. व्हिस्की, व्होडका गव्हाच्या किंवा बार्लीच्या असल्या तरी ऊर्ध्वपातनात प्रथिन मागे राहतं, त्यामुळे चव-रंग न घातलेली दारू चालते. कॉकटेलमध्ये मात्र अंड्याचा पांढरा भाग, बदामाचं सरबत, क्रीम असं काहीही निघतं, आणि शेकर पाण्याखाली धरून लगेच पुढच्या पेयाला घेतात. ॲलर्जीवाल्याने पेय साधं ठेवावं.

विचारायचं कसं

मोठ्या आवाजात मॅच चालू असताना वेटरला "हे ग्लूटेन-फ्री आहे ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" येतं. त्याला तुमचं अर्धं वाक्य ऐकूच आलेलं नसतं, आणि हो म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येणार नाही असं विचारा. "हे कशात तळता?" "तव्यावर अजून काय भाजता?" "सॉस कोणत्या कंपनीचा, बाटली दाखवाल का?" उत्तर देणारा थांबला, "थांबा, आत विचारून येतो" म्हणाला, तर ते चांगलं लक्षण. विचार न करता लगेच "काही होत नाही हो" म्हणणारा वेळ मारून नेतोय असं समजा.

स्वतःबद्दल सांगताना तीन-चार वाक्यं पुरतात: "मला सीलिॲक आजार आहे, आवडनिवड नाही. गहू-बार्लीचा कणही चालत नाही. माझं जेवण वेगळ्या पॅनमध्ये, हातमोजे बदलून करता येईल का? जमत नसेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की माणसं खरं बोलतात. हाच मजकूर एका कार्डावर लिहून सोबत ठेवा. गोंगाटात कार्ड थेट शेफच्या हातात पोचतं, तोंडी निरोप मधेच कुठेतरी अर्धा होतो.

वेळही निवडून घ्या. दुपारी गर्दी नसताना फोन करून मॅनेजरशी बोला. जेवण मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी मागवा. हाफ-टाइमला सगळी टेबलं एकदम ऑर्डर देतात, तेव्हा वेगळं पॅन काढायला कुणालाच फुरसत नसते.

छापील माहितीवर किती विसंबायचं? साखळी बारमध्ये कोणत्या पदार्थात कोणता ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा घटक) आहे याचा तक्ता बहुधा मिळतो, तो मागा. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटनाही १४ ॲलर्जनची माहिती देणं बंधनकारक आहे. अमेरिकेत ९ प्रमुख ॲलर्जन लेबलवर द्यायचा केंद्रीय कायदा पाकीटबंद अन्नाला आहे, रेस्टॉरंटच्या ताटाला नाही. त्या यादीत तीळ १ जानेवारी २०२३ ला आला, आणि झालं असं की तीळ लागू न देण्याची काळजी घेण्याऐवजी काही बेकऱ्यांनी पावात तिळाचं पीठ घालून तसं लेबलवर छापायला सुरुवात केली. तिळाच्या ॲलर्जीवाल्यांनी जुन्या ओळखीच्या बर्गरच्या पावावरही विसंबू नये ते यामुळे. मेन्यूवर "ग्लूटेन-फ्रेंडली" लिहिलं असेल तर घटकांत ग्लूटेन नाही एवढाच अर्थ घ्या, फ्रायर आणि तव्याचं आश्वासन त्यात नसतं. आणि "ग्लूटेन-फ्री" लिहिलं असलं तरी विचारा. ग्राहकांनी खिशातल्या चाचणी यंत्राने अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमधले ग्लूटेन-फ्री पदार्थ तपासले होते. त्या पाच हजारांहून अधिक चाचण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२ टक्क्यांत ग्लूटेन आढळलं, पिझ्झा आणि पास्त्यात तर अर्ध्याहून अधिक वेळा. संशय आलेलेच पदार्थ लोकांनी जास्त तपासले असणार आणि ते यंत्र मर्यादेखालचे अंशही पकडतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी पिझ्झ्याचा ओव्हन आणि पास्त्याचं उकळतं पाणी सामायिक असतं, हे त्यातून दिसतंच.

तरीही गेलंच पोटात तर

ॲलर्जी असलेल्याने ॲड्रेनलिनचं इंजेक्शन खिशात ठेवावं, गाडीत नाही. शक्यतो दोन. टेबलावरच्या निदान एका मित्राला ते कुठे आहे आणि कसं टोचायचं हे आधी दाखवून ठेवा, आणि तो मित्र त्या रात्री शुद्धीत राहणारा असावा.

तोंडाला खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, चक्कर, लागोपाठ उलट्या अशी चिन्हं दिसली आणि श्वास किंवा रक्ताभिसरणावर परिणाम होतोय असं वाटलं तर थांबू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कपड्यावरूनच इंजेक्शन द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. ॲलर्जीची नेहमीची गोळी खाज कमी करते, ॲनाफिलॅक्सिस थांबवत नाही, तेव्हा तिची वाट बघत बसू नये. माणसाला आडवं करून पाय वर ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पाच मिनिटांनी उतार पडला नाही तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी लाट परत येऊ शकते. २०२४ मध्ये अमेरिकेत ॲड्रेनलिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्यालाही मंजुरी मिळाली आहे, सुईची भीती असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

बारमध्ये दोन गोष्टींनी घात होतो. अस्वस्थ वाटू लागलं की माणूस चारचौघांत नको म्हणून एकटाच स्वच्छतागृहात जातो, आणि तिथे कोसळला तर कुणाला पत्ता लागत नाही. त्याला एकटं जाऊ देऊ नका. दुसरं, झोक जाणं, जीभ जड होणं हे पाहून आजूबाजूचे "जास्त झालीये" म्हणून सोडून देतात. अन्नामुळे झालेल्या प्राणघातक ॲनाफिलॅक्सिसच्या एका ब्रिटिश अभ्यासात हृदय किंवा श्वास बंद पडायला लागलेला मध्यक वेळ (म्हणजे निम्म्या जणांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ३० मिनिटांचा होता. तो गैरसमजात घालवायला परवडत नाही.

सीलिॲकमध्ये असा तातडीचा इलाज नाही. ग्लूटेन पचवून टाकतात म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांनी संरक्षण मिळतं हे सिद्ध झालेलं नाही, त्यांच्या भरवशावर बर्गर खाऊ नका. पाणी भरपूर, खाणं हलकं, आणि त्रास चार-पाच दिवसांत ओसरला नाही तर डॉक्टर. मग शांतपणे त्या बारला फोन करा. कोणता पदार्थ, किती वाजता, ऑर्डर कुणी घेतली हे सांगितलं तर कोणत्या फ्रायरमधून काय गेलं याचा माग ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तरी काढू शकतात.